‘नाहीतर आयटीआय’ : नाशिकच्या दहावीच्या वर्गशिक्षकांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार, सर आणि मॅडम.

त्र्यंबक रोडवरचा आयटीआय सिग्नल नाशकात कुणाला माहीत नाही? सातपूर-अंबडकडचा पत्ता सांगायचा तर सुरुवातच तिथून होते. तुमच्यापैकी कित्येकजण शाळेत जाता-येता तिथं लाल दिव्याला थांबत असतील. पण ज्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेवरून त्या चौकाला नाव पडलं, तिच्या फाटकातून तुमच्यातले कितीजण आत गेलेत? गेली दोन-तीन वर्षं भेटेल त्या शिक्षकाला मी हे विचारतो. बहुतेकजण हसून विषय बदलतात. एकजण म्हणाले, ‘गेलोय ना, निवडणुकीच्या ड्युटीला.’

मी तिथं दोन वर्षं गेलो. १९९३ साली फिटर ट्रेडला लागलो, १९९५ ला बाहेर पडलो, मग सातपूरच्या एका कारखान्यात अप्रेंटिस आणि पुढं तिथंच बरीच वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची अवजारं आणि साचे जिथं बनतात तिथं. आता अंबडला माझा स्वतःचा गाळा आहे. सहा माणसं, दोन मिलिंग, एक लेथ, एक सरफेस ग्राइंडर आणि बँकेचं कर्ज काढून घेतलेलं एक व्हीएमसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं मिलिंग. जिग, फिक्स्चर (काम करताना तुकडा नेमक्या जागी धरून ठेवणारे साचे), लहानसहान डाय असली कामं करतो.

आधीच कबूल करतो, यात माझा स्वार्थ आहे. मला हाताला वळण असलेली पोरं हवीत आणि ती सहज मिळत नाहीत. त्यामुळे आयटीआयची जाहिरात करणारा एक गाळेवाला म्हणून तुम्ही हे पत्र बाजूला ठेवलंत तर माझा राग नाही. पण मी जाहिरात करायला बसलेलो नाही. माझी तक्रार दोन शब्दांपुरती आहे, ते वर लिहिलेत.

यंदा जानेवारीत भाचीच्या शाळेत पालक सभा होती. बहिणीला सेकंड शिफ्ट, दाजी गावाला गेलेले, म्हणून मामाची रवानगी झाली. मी शेवटच्या बाकावर बसलो. तो बाक पंधरा वर्षांच्या मुलांच्या मापाचा, माझे गुडघे टेबलाला लागत होते. सरांनी प्रिलिमचे पेपर वाटले, टक्केवारी सांगितली, बोर्डाच्या सूचना दिल्या. सगळं नीट, मनापासून. मग कमी मार्कांच्या चार मुलांना उभं केलं आणि म्हणाले, ‘अजून वेळ गेलेली नाही. बसून अभ्यास करा. नाहीतर आयटीआय आहेच.’

वर्ग हसला. पालकही हसले. उभ्या चौघांतल्या एकाचे वडील माझ्या शेजारीच होते, शर्टाच्या खिशाला कंपनीचं कार्ड अडकवलेलं. तेही हसले. सभा संपल्यावर जिना उतरताना बोलणं झालं तर कळलं, ते स्वतः टर्नर. वीस वर्षं लेथवर. मी त्यांना विचारलं, तुम्ही का हसलात? तर म्हणाले, ‘सगळे हसले ना.’

सरांचा हेतू वाईट होता असं मला मुळीच वाटत नाही. पोरं अभ्यासाला लागावीत म्हणून बोलले ते. आमच्या वेळी ‘ढोरं राखायला जाशील’ म्हणायचे, त्यातलाच प्रकार. फक्त एकाच वाक्यात त्यांनी चाळीस मुलांना सांगून टाकलं की हाताने काम शिकणं ही शिक्षा आहे आणि ती मार्क कमी पडले की होते. हे वाक्य मुलं विसरत नाहीत. मी ऐकलेलं मला अजून आठवतं.

आता भाचीचं सांगतो. तिला ८४ टक्के पडले. ही मुलगी सुटीत माझ्या गाळ्यावर येऊन बसायची. टेबलावर पडलेली ड्रॉइंग बघून एकदा तिने घरच्या साबणदाणीचे तीन व्ह्यू काढले. समोरून, वरून, बाजूने. मापंसुद्धा टाकली. एक माप चुकलं होतं, आणि ते चुकलंय हे तिनेच मला सांगितलं. ‘मामा, वरून बघितलं तर बेचाळीस येतं आणि बाजूने चाळीस, म्हणजे मी कुठंतरी माती खाल्ली.’ ड्रॉइंग वाचणं म्हणजे हेच असतं. तीन बाजू एकमेकींशी पटतात का ते बघणं. निकालानंतर तिने ड्राफ्ट्समन मेकॅनिकल हा ट्रेड कसा असतो, असं विचारलं. घरात नुसतं विचारलं. तेवढ्यात शाळेतून बहिणीला फोन आला. बातमी कशी पोचली कोण जाणे. ‘ताई, एवढे मार्क वाया घालवू नका.’

वाया! हा शब्द बहिणीच्या डोक्यात जो बसला तो बसला. भाची आता अकरावी सायन्सला आहे. कॉलेज नावाला, खरा मुक्काम कॉलेज रोडच्या क्लासमध्ये. सकाळी साडेसहाला डबा घेऊन निघते, दुपारी येते, पुन्हा टेस्ट सिरीज. तिचं बरं चाललंय. निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. कदाचित ती चांगली इंजिनिअर होईल आणि पेढे मीच वाटीन. पण तिने निवड केली, असं मला कुणी सांगू नये. निवडायला निदान दोन वस्तू समोर लागतात. मंडईत आपण वांगीसुद्धा हातात घेऊन बघतो. हिने एकच वस्तू पाहिली होती. दुसरी तिला धाक म्हणून ठाऊक होती.

उलटीकडचं उदाहरणही माझ्याच गाळ्यातलं आहे, ते लपवत नाही. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आला. दहावीला ४६ टक्के, म्हणून घरच्यांनी आणि शाळेने मिळून आयटीआयला ‘टाकलं’. शब्द बघा, टाकलं. यादीत वेल्डरला नंबर लागला म्हणून वेल्डर. पोराला वेल्डिंगचा मनापासून तिटकारा. झोत दिसला की मान फिरवायचा, आणि मान फिरवली की टाका भरकटतो. पण माझ्या चलनांचा, जीएसटीचा, उधारीचा हिशेब त्याच्या डोक्यात असायचा. कुठल्या पार्टीकडून किती यायचंय, तारखेसकट तोंडपाठ. त्याला कॉमर्सला जायचं होतं, ‘पण सर म्हणाले तुझ्याने बारावी निघणार नाही’. शेवटी मीच त्याला म्हटलं, बाबा, तू डोळे जाळून घेऊ नकोस. आता पंचवटीत मार्केट यार्डाजवळ एका आडत्याकडे हिशेब बघतो आणि बाहेरून बारावीला बसलाय.

एकीला मार्क जास्त म्हणून एका रांगेत ढकललं, दुसऱ्याला कमी म्हणून दुसऱ्या. दोघांनाही कुणी विचारलं नाही, तुला दिवसभर काय करायला आवडेल? हाताने की डोक्याने, असं मी म्हणत नाही बरं का. ते म्हणणारे लोक टूलरूममध्ये कधी आलेले नसतात.

एक दिवस दाखवतो. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा मुलगा माझ्याकडे आहे, फिटर. दहावीच्या गणितात ४१. गेल्या पावसाळ्यात एका फिक्स्चरला सहा अंशांचा उतार द्यायचं काम आलं. असा कोन कोनमापकाने मापून चालत नाही, सरफेस प्लेटवर, म्हणजे अचूक सपाट पाटावर, साइन बार लावावा लागतो. साइन बार म्हणजे दोन रोलरवर बसवलेली अचूक पट्टी. आमच्याकडे आहे तिच्या रोलरच्या मध्यांमधलं अंतर बरोब्बर २०० मिलिमीटर. एका रोलरखाली ठरावीक उंची दिली की पट्टी हवा तेवढा कोन करून उभी राहते. उंची किती द्यायची? कर्ण २००, कोन सहा अंश, समोरची बाजू काढा. त्याने मोबाइलवर साइन सहा काढून दोनशेने गुणलं. २०.९०६ आलं. मग स्लिप गेजच्या पेटीतून, म्हणजे ठरावीक जाडीच्या अचूक पोलादी गट्ट्यांतून, तेवढी बेरीज होईल असे गट्टे निवडायला लागला. शेवटचा आकडा आधी मारायचा असतो. १.००६, मग १.४०, मग ८.५, मग १०. चारही गट्टे पुसून, एकमेकांवर तिरके टेकवून, फिरवत-दाबत बसवले. ना चुंबक, ना डिंक, दोन गुळगुळीत पोलादी पृष्ठभाग नुसते एकमेकांना धरून राहतात. तो थर रोलरखाली सरकवला, डायल गेज फिरवून बघितला, आणि मला म्हणाला, ‘सर, हे तर दहावीलाच होतं. तेव्हा झाडाची उंची काढायला लावायचे. मला वाटायचं, झाडाची उंची काढून करायचंय काय?’

मी हसलो खरा, पण रात्री झोप लागेना. या पोराला गणित येत नव्हतं असं बोर्डाने लिहून दिलंय. ४१. आणि तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंतची त्रिकोणमिती उभ्या-उभ्या करतोय. गणिताच्या सरांना दोष देत नाही. त्यांना पन्नास मुलं, संपवायचा सिलॅबस आणि एक फळा. पण साइन बार त्यांनी एकदा जरी पाहिला असता, तरी झाडाशेजारी फळ्यावर तोही काढला असता ना?

अकरावी सायन्सच्या फिजिक्स प्रॅक्टिकलमध्ये मुलं व्हर्निअर कॅलिपर पहिल्यांदा हातात घेतात. शाळा-कॉलेजातला व्हर्निअर मिलिमीटरचा दहावा भाग दाखवतो. जर्नल लिहिलं, सही झाली, व्हर्निअर कपाटात गेला. आयटीआयतल्या मुलाच्या हातात असतो तो ०.०२ मिलिमीटरचा, आणि दिवसातून पन्नास वेळा. दोघंही एकाच वयाची, एकच यंत्र, तेच तत्त्व. एकाला आपण हुशार म्हणतो.

आणि ज्यांना वाटतं आयटीआय म्हणजे सोपं, त्यांच्यासाठी फाइलिंगचं सांगतो. फिटरला सुरुवातीचे आठवडेच्या आठवडे नुसती कानस चालवायची असते. माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये धरून आधी खरखरीत बास्टर्ड फाइल, मग बारीक स्मूथ. तळहाताला फोड येतात, फुटतात, पुन्हा येतात. चार बाजू सपाट आणि एकमेकींना काटकोनात. ट्राय स्क्वेअर, म्हणजे गुण्या, लावून तुकडा खिडकीकडे धरायचा. पात्याखालून उजेडाची रेघ दिसली की आमचे इन्स्ट्रक्टर काही न बोलता तुकडा परत हातात द्यायचे. मला तो सोळा वेळा परत मिळाला. मोजलंय मी. सतराव्या वेळी त्यांनी तुकडा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘चहा पिऊन ये.’ दहावीचा निकाल हातात आला तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं. अर्थात माझा निकालही तसलाच होता.

खरं तर हाताला काम द्यायची गोष्ट या देशात नवी नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम, म्हणजे हातकामातून शिक्षण, मांडली, ती याच महाराष्ट्रात. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली, आजचे आयटीआय त्यातूनच चालतात. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने तर सांगून ठेवलं होतं की दहावीनंतरची निम्मी मुलं धंदेशिक्षणाकडे वळावीत. आपला दहा अधिक दोनचा आराखडा त्याच विचारातून आला. महाराष्ट्रात १९७५ साली दहावीची पहिली बोर्ड परीक्षा झाली आणि जुनी अकरावी मॅट्रिक गेली. ‘अधिक दोन’ हा फाटा होता, तिथून दोन रस्ते फुटायचे होते. आपण त्याचा एकच हमरस्ता केला आणि दुसऱ्यावर ‘नापासांसाठी’ अशी पाटी लावली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पुन्हा निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी असं लिहिलंय, तेही २०२५ पर्यंत. म्हणजे अर्धशतकानंतर पुन्हा तोच निम्मा. त्या धोरणात कारणही स्पष्ट दिलंय. ज्यांना बाकीचं झेपत नाही त्यांच्यासाठीचं हे शिक्षण, असा लोकांचा समज आहे म्हणून. एकोणीस ते चोवीस वयाच्या कामकरी तरुणांत रीतसर धंदेशिक्षण घेतलेले ५ टक्क्यांहूनही कमी, असा जुन्या पंचवार्षिक योजनेतला अंदाज त्यात उद्धृत केलाय.

याच धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांसोबत घालवायची कल्पना आहे. कल्पना छान. पण कार्यानुभवाच्या तासाचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. आमच्या शाळेत त्या तासाला क्रेपच्या कागदाची फुलं व्हायची, नाहीतर गणिताचे सर तो तास मागून घ्यायचे. त्यापेक्षा काही मुलांना टेक्निकल हा विषय होता ते नशीबवान. ती पोरं आठवड्यातून एकदा वर्कशॉपला जायची आणि परत येताना त्यांच्या खिशात लाकडाचा सांधा असायचा. आम्ही जळायचो.

आता पालकांची भीती, कारण तुम्हाला तोंड द्यावं लागतं ते तिला. ‘आयटीआय केलं की पुढचं दार बंद.’ ही भीती मी रोज ऐकतो, आणि ती घालवण्याइतकी माहिती अर्ध्या शाळांत नसते. दोन वर्षांचा ट्रेड पास झाला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागता येतो. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला भाषेचे विषय देऊन बारावीची समकक्षता मिळवायची सोय आहे. पुढं पदवी हवी तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्याच गावात आहे, गंगापूर धरणाच्या वाटेवर. रेल्वेत असिस्टंट लोको पायलट व्हायला दहावीसोबत आयटीआय चालतं. ओझरला विमानं बनवणारं एचएएल अप्रेंटिस घेतं, नाशिक रोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसलाही आयटीआयवाले तंत्रज्ञ लागतात. आणि ज्याला धड इकडे नाही, धड तिकडे नाही, त्याला दहावीनंतर सरळ तीन वर्षांचा डिप्लोमा आहे, सामनगावला सरकारी पॉलिटेक्निक आहे. अकरावीलाच जायचं तर दुसरी भाषा आणि एक विषय सोडून इलेक्ट्रॉनिक्ससारखा द्विलक्षी, म्हणजे धंदेशिक्षणाचा विषय घेता येतो, दोनशे मार्कांचा. हे काही गुपित नाही. फक्त सांगायचं कुणी, एवढाच प्रश्न.

सध्या ते नेट कॅफेवाला सांगतो. ही थट्टा नाही. आयटीआयचे अर्ज ऑनलाइन, प्रवेश दहावीच्या गुणांवर आणि तुम्ही दिलेल्या पसंतीक्रमावर. अकरावीचंही तसंच, आधी नाशिक शहरापुरतं होतं, २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झालं. जूनच्या गर्दीत बाप पोराला घेऊन कॅफेत उभा, मागे रांग, आणि कॅफेवाला विचारतो, ‘पहिला ऑप्शन काय टाकू?’ बाप पोराकडे बघतो, पोरगं मोबाइलकडे. कॅफेवाला म्हणतो, ‘इलेक्ट्रिशियन टाकतो, सगळे तेच टाकतात.’ झालं. टर्नर आणि मशिनिस्ट यांत फरक काय, वेल्डर एका वर्षाचा आणि फिटर दोन वर्षांचा, पुढं डिप्लोमाचा विचार असेल तर कुठला बरा, हे सगळं त्या दीड मिनिटात ठरतं. माझ्या त्या वेल्डर पोराचं असंच ठरलं होतं.

गुलाबी चित्र मी काढणार नाही, कारण मग तुम्ही एखाद्याला माझ्या भरवशावर पाठवाल आणि तो मला शिव्या देईल. सुरुवातीचा पगार थोडा असतो. पुष्कळ ठिकाणी नोकरी कंत्राटदाराकडून मिळते, अकरा महिन्यांनी कार्ड बदलतं. काही संस्थांत इन्स्ट्रक्टरच्या जागा रिकाम्या असतात, मशीन आमच्या वयाची. अप्रेंटिसचा कायदा १९६१ चा आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणे तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, आणि आयटीआयवाल्याला महिना किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं. कागदावर ठीक. पण अप्रेंटिसला वर्षभर पॅकिंगला उभं करणारे महाभाग आमच्याच बिरादरीत आहेत. माझ्या पहिल्या सहा महिन्यांत मी मुख्यतः झाडू मारला आणि चहा आणला. कारखान्याचं नाव घेत नाही.

कागदाची किंमतही मला चुकवावी लागली. नोकरीला आठ वर्षं झाल्यावर सुपरवायझरची जागा निघाली. ती ज्याला गेली, त्याला मायक्रोमीटर कसा धरायचा हे मी शिकवलं होतं. त्याच्याकडे डिप्लोमा होता. मुलगा चांगला होता, अजून फोन करतो. पण त्या रात्री सायकलवरून घरी जाताना मला पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी मला सोळाव्या वर्षी बसवून पुढची पायरी दाखवायला हवी होती. म्हणून म्हणतो, आयटीआयला पाठवा किंवा न पाठवा, पण पाठवताना जिना दाखवून पाठवा.

मुलींचं जरा वेगळं सांगायला हवं. नाशकात मुलींसाठी स्वतंत्र शासकीय आयटीआय आहे, हे माझ्या स्वतःच्या बहिणीला माहीत नव्हतं. मुलगी म्हटलं की लोकांना शिवण आणि ब्युटी पार्लर एवढंच सुचतं. माझं व्हीएमसी चालवते ती मुलगी मशिनिस्ट ट्रेडची. सुरुवातीला तिचे वडील संध्याकाळी न्यायला यायचे आणि फाटकाबाहेर थांबायचे, आत यायचे नाहीत. एक दिवस पाऊस होता म्हणून आत आले. लेक स्क्रीनवर प्रोग्रॅम तपासत होती. काचेमागे कटर फिरत होतं, कुलंटचं दुधाळ पाणी उडत होतं. ते दहा मिनिटं नुसते उभे राहिले. मग मला विचारलं, ‘हे तिनेच लावलंय?’ दुसऱ्या दिवशी तिच्या आईला घेऊन आले.

तर मागणं काय आहे? निकालानंतर समुपदेशन वगैरे ठेवू नका, तेव्हा उशीर झालेला असतो आणि मार्क आडवे येतात. नववी संपली की, किंवा फार तर दहावीच्या दिवाळीच्या आत, सगळ्या वर्गाला एक दिवस आयटीआयमध्ये न्या. सगळ्या म्हणजे पहिल्या नंबरच्या मुलीलाही. फक्त मागच्या बाकाची पोरं नेलीत तर न नेलेलं बरं, त्याने पाटी आणखी घट्ट बसेल. आणि नुसतं ‘हे लेथ, हे मिलिंग’ करत फिरवू नका. प्रत्येकाला दहा मिनिटं कानस हातात द्या. दहा मिनिटांत कुणाचे डोळे चमकतात आणि कुणाला कंटाळा येतो ते तुम्हाला कुठल्याही कलचाचणीशिवाय दिसेल. गणिताच्या सरांना मुद्दाम सोबत घ्या.

पालक सभेला एखादा टर्नर, एखादी नर्स, एखादा वायरमन बोलवा. लांब जायला नको, तुमच्या वर्गातल्या पालकांतच आहेत. जिन्यात भेटलेले ते गृहस्थ छान बोलतील, त्यांना कधी कुणी बोलायला सांगितलेलं नाही एवढंच. आणि ते दोन शब्द सोडून द्या. पोरांना घाबरवायला दुसरं काहीही म्हणा. ढोरांचंसुद्धा चालेल, हल्ली दूधवाला आपल्यापेक्षा बरा कमावतो.

माझ्या गाळ्याचं दार तुमच्या वर्गाला उघडं आहे. एका वेळी बारा-पंधरा मुलंच मावतील, त्याहून जास्त आणू नका. साइन बार आणि स्लिप गेज मी काढून ठेवीन, पेठच्या मुलाला सांगून ठेवलंय, समजावून तोच सांगणार आहे. येताना मुलांना बंद बूट घालायला सांगा. चपला, सँडल चालणार नाहीत. लेथची चिप, म्हणजे धातूचा उडणारा कीस, तापलेली असते आणि ती नेमकी बोटांच्या फटीत जाते. मुलींनी वेणी बांधलेली हवी, ओढणी नको, मुलांच्या मनगटात गंडे-दोरे असतील तर ते बाहेर काढून ठेवावे लागतील. डबा आणला तरी चालेल, चहा माझ्याकडे.

आपला,
अंबडचा एक फिटर